विळ्याच्या आकाराचा रक्तकण आणि औषधाचा शोध

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणिसांनी यंदा आम्हांस व्याख्यान देण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. संमेलनातील व्याख्यान म्हटले की शिक्षणाचे महत्त्व, हुंड्याची अनिष्ट चाल, व्यसनमुक्ती हे विषय ठरलेले असतात. ते जुने झाले असले तरी त्यांची गरज संपलेली नाही. तथापि यंदा आम्ही जरा निराळा विषय घेण्याचे धाडस करीत आहोत. शरीरातील अतिसूक्ष्म घटकांची घडण शास्त्रज्ञ कशी शोधून काढतात आणि तिच्या आधारे नवी औषधे कशी सिद्ध करतात, हा तो विषय होय. या शास्त्रास रचनात्मक जीवशास्त्र असे नाव आहे. आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि हयात मराठी शाळेतील मुलांना शिकविण्यात गेली. तेव्हा जे वाचून व जाणकारांस विचारून समजले, तेवढेच साध्या भाषेत आपणांपुढे मांडणार आहोत.

हा विषय केंब्रिजचा आणि अमेरिकेचा, आपणांस त्याचे काय, अशी शंका कोणाच्या मनात येईल. परंतु या शास्त्राच्या इतिहासातील अगदी पहिले उदाहरण ज्या आजाराचे आहे, तो सिकलसेल नावाचा आजार आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी ठाण मांडून बसला आहे. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर, शहादा, नंदुरबार या आपल्या सहाही तालुक्यांत त्याचे रुग्ण आहेत. आणि आपल्या मंडळाच्या वधू-वर परिचय मेळाव्याशीही त्याचा संबंध येतो. तो कसा, ते शेवटी सांगू.

प्रथम आजाराचे स्वरूप पाहू. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी एरव्ही वाटोळ्या, मध्ये किंचित दबलेल्या आणि लवचिक असतात. केसाहूनही बारीक अशा रक्तवाहिनीतून त्या अंग चोरून सहज निघून जातात. सिकलसेलच्या रुग्णाच्या शरीरात याच पेशी वाकून विळ्यासारख्या होतात. इंग्रजीत विळ्यास सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव. अशा कडक, वाकड्या पेशी बारीक वाहिनीत अडकतात, तेथील रक्तप्रवाह तुंबतो आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच मोडून जाते. त्यामुळे अंगात रक्त कायमचे कमी राहते, डोळे पिवळे दिसतात, प्लीहा बिघडते आणि साध्या जंतूंशी लढण्याचे बळ उरत नाही.

आम्ही डोंगराच्या कडेच्या गावांतून नोकरी केली. थंडीच्या दिवसांत हातपाय धरून वर्गाच्या कोपऱ्यात बसणारी, दोन दिवस शाळेत तर चार दिवस घरी अशी मुले त्या भागातील प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. कोणी त्यास वात म्हणे, कोणी बाहेरची बाधा म्हणे. ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील धडधाकट दिसणारा तरुणही एखाद्या दिवशी कोयता टाकून जमिनीवर लोळू लागे. पाण्याची तूट, अतिश्रम, थंडी आणि ताप ही या वेदनेस निमंत्रण देणारी चार कारणे आहेत. आणि ऊसतोडीच्या फडावर ही चारही एकत्र येतात.

आता शास्त्राकडे वळू. सन १९१० साली शिकागो येथील डॉक्टर जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून तेथे शिकण्यास आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात या विळ्यासारख्या पेशी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध केली. दोष पेशीत आहे एवढे कळले. पण पेशीच्या आत काय बिघडले आहे ते कळेना. सन १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष पेशीतील हिमोग्लोबिन या द्रव्यात आहे. रुग्णाचे हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा निराळ्या गतीने सरकते, हा त्यांचा पुरावा होता. एखादा आजार एका रेणूच्या बिघाडामुळे होतो, हे जगात प्रथमच सिद्ध झाले.

हिमोग्लोबिन म्हणजे काय? फुप्फुसातून प्राणवायू उचलून सर्व शरीरास पोहोचविणारा तो हमाल होय. तो प्रथिनाचा बनलेला असतो आणि प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांची माळ. हिमोग्लोबिनात अशा चार माळा असतात. दोन १४१ मण्यांच्या आणि दोन १४६ मण्यांच्या. सगळे मिळून ५७४ मणी. सन १९५६-५७ मध्ये केंब्रिज येथे व्हर्नन इनग्राम यांनी शोधून काढले की, सिकलसेलच्या रुग्णाच्या १४६ मण्यांच्या माळेत सहाव्या जागी चुकीचा मणी ओवलेला असतो. तेथे ग्लुटामिक आम्ल असावयाचे, त्या जागी व्हॅलिन असते. विद्यार्थी मित्रांनो, शुद्धलेखनात एका अक्षराच्या चुकीने 'दिन'चे 'दीन' होते आणि दिवसाचा गरीब होतो. येथे एका मण्याच्या चुकीने माणसाचे आयुष्य वेदनेत जाते.

पण सहाव्या जागचा मणी बदलल्याने पेशी वाकते का? याचे उत्तर माळेतील अक्षरे वाचून मिळत नाही. माळ नुसती लांब पसरलेली नसते. ती वळ्यावळ्यांनी गुंडाळून तिचा विशिष्ट आकार बनतो, आणि ती आपले काम त्या आकाराच्या बळावर करते. हा आकार कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून दिसणे त्या काळी शक्य नव्हते. तो पाहण्याची युक्ती अशी: प्रथिन शुद्ध करून त्याचे खडीसाखरेसारखे स्फटिक तयार करावयाचे, आणि त्यांवर क्ष-किरण सोडावयाचे. स्फटिकात रेणू कवायतीतील मुलांप्रमाणे ओळीने उभे असतात. त्यांच्यावर आपटून किरण ठराविक दिशांना विखुरतात आणि छायाचित्रावर हजारो ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांवरून उलट हिशेब करून रेणूची आकृती काढावयाची.

हा हिशेब किती कठीण, त्याची साक्ष मॅक्स पेरुट्झ यांचे चरित्र देते. हे व्हिएन्नाचे गृहस्थ सन १९३६ मध्ये केंब्रिज येथे आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी घोड्याच्या हिमोग्लोबिनचे काम हाती घेतले. मध्यंतरी महायुद्ध झाले. वर्षामागून वर्षे गेली. ठिपके मिळाले, पण आकृती जुळेना. सन १९५३ मध्ये त्यांस एक युक्ती साधली. पाऱ्यासारखा जड अणू रेणूस ठरावीक जागी चिकटवावा आणि त्यामुळे ठिपक्यांत पडणारा फरक मोजावा. मोजणीदाराने मोठ्या माळरानात प्रथम एक खूण रोवावी आणि मग तिच्या आधारे बाकीचे अंतर मापावे, तशीच ही रीत. अखेर सन १९६० मध्ये हिमोग्लोबिनची आकृती प्रसिद्ध झाली. एका रेणूसाठी बावीस-तेवीस वर्षे! सन १९६२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पेरुट्झ आणि त्यांचे सहकारी जॉन केंड्रू यांस मिळाले.

आकृती हाती आल्यावर कोडे उलगडू लागले. बदललेला सहावा मणी हिमोग्लोबिनच्या पृष्ठभागावर असतो. मूळचा मणी पाण्याशी मैत्री करणारा; नवा मणी पाण्यापासून दूर पळणारा. हिमोग्लोबिनाने प्राणवायू सोडला की त्याचा आकार किंचित बदलतो, आणि शेजारच्या रेणूवर एक लहानशी खाच उघडी होते. पाण्याला भिणारा हा व्हॅलिन त्या खाचेत जाऊन बसतो. एकास दुसरा, दुसऱ्यास तिसरा असे रेणू जोडले जाऊन चौदा पदरी दोर तयार होतात आणि ते पेशीस आतून ताणून विळ्याचा आकार देतात. पुन्हा प्राणवायू मिळाला की दोर विरघळतात; पण वारंवार असे घडल्यावर पेशीचे आवरण ताठर होते आणि मग ती सरळ होत नाही.

येथून औषधाच्या शोधास निश्चित दिशा मिळाली. पूर्वी औषधे बहुधा अनुभवाने किंवा योगायोगाने सापडत. रचनात्मक जीवशास्त्राने निराळा मार्ग दाखविला. कुलपाची आतील घडण आधी पाहावी आणि मग तीत बसेल अशी किल्ली घासून तयार करावी. याचे नामांकित उदाहरण एड्सच्या औषधाचे आहे. त्या विषाणूच्या एका आवश्यक प्रथिनाची आकृती सन १९८९ मध्ये मिळाली, तिच्या खाचेत बसून तिचे काम बंद पाडणारे पहिले औषध अमेरिकेत सन १९९५ अखेर मान्य झाले, आणि या वर्गातील औषधांनी पुढे लाखो लोकांचे प्राण वाचविले. जंतुनाशक औषधांबाबतही असेच. पेशीत प्रथिने घडविणारा रायबोसोम नावाचा कारखाना असतो. त्याची आकृती उलगडणाऱ्यांत वेंकटरामन रामकृष्णन हे एक. त्यांचे बालपण व महाविद्यालयीन शिक्षण आपल्या शेजारच्या बडोद्यास झाले. पुढे पेरुट्झ यांनी उभारलेल्या केंब्रिजच्या प्रयोगशाळेतच त्यांनी काम केले आणि सन २००९ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. कोणते प्रतिजैविक या कारखान्याच्या कोणत्या भागास जाऊन चिकटते, ते त्यांच्या कामामुळे स्पष्ट दिसू लागले.

आपल्या देशाचाही या शास्त्रातील वाटा लहान नाही. मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन यांनी सन १९५४ मध्ये गोपीनाथ कर्ता यांच्यासह कातडी-हाडांतील कोलॅजेन प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. प्रथिनाची माळ कोणत्या कोनांत वळू शकते आणि कोणत्या कोनांत वळू शकत नाही, हे दाखविणारा त्यांचा सन १९६३ मधील आलेख आजही जगभर वापरला जातो. सातपुडा ओलांडून पलीकडे गेले की इंदूर येथे राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ नावाचे मोठे यंत्र आहे. त्याच्या प्रखर क्ष-किरणांत प्रथिनांचे स्फटिक तपासण्याची सोय आहे. पेरुट्झ यांस जे करावयास दोन तपे लागली, ते काम आज संगणकाच्या साहाय्याने पुष्कळ वेळा फार थोड्या काळात होते. सन २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथिनाच्या अक्षरांवरून त्याचा आकार संगणकाने ताडणाऱ्या, तसेच नवी प्रथिने रचणाऱ्या शास्त्रज्ञांस मिळाले.

मग आपण विचाराल, ज्या आजाराच्या रेणूची आकृती इतक्या आधी मिळाली, त्यावर रामबाण औषध आजवर का निघाले नाही? हा प्रश्न योग्य आहे. पहिली अडचण संख्येची. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात, आणि प्रौढ माणसाच्या अंगात ते सारे मिळून अर्ध्या किलोहून अधिक भरते. विषाणूचे प्रथिन अत्यल्प असते, त्यास थोडे औषध पुरते. येथे मात्र प्रत्येक कुलपास एक किल्ली द्यावयाची तर औषध मुठीमुठीने द्यावे लागेल. पेरुट्झ यांनी स्वतःही उत्तरायुष्यात अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड अब्राहम यांच्याबरोबर अशा औषधाचा शोध घेतला. पण उपयोगी औषध त्या वेळी हाती आले नाही.

पुढे व्हॉक्सेलोटर नावाचे औषध निघाले. ते हिमोग्लोबिनास विशिष्ट जागी चिकटून त्यास प्राणवायू घट्ट धरून ठेवावयास लावी, म्हणजे खाच उघडू नये आणि दोर बनू नयेत. रोज दीड ग्रॅम असे ते घ्यावे लागे. चाचणीत रुग्णांचे हिमोग्लोबिन वाढले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. वेदनेचे झटके मात्र निश्चितपणे कमी झाल्याचे दिसले नव्हते. पुढील अभ्यासांत औषध घेणाऱ्यांत झटके व मृत्यू अधिक असल्याची चिन्हे दिसू लागली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने ते जगभरातील बाजारातून परत घेतले. आमच्या मते यातून निराश होण्याचे कारण नाही, पण बोध घेण्याजोगा आहे. किल्ली कुलपात बसते की नाही, ते आकृतीवरून कळते. पण ते दार उघडल्याने घरात काय होईल, ते माणसांवरील सावध चाचणीनेच कळते. औषधाच्या जाहिरातीवर भाळणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

आज ज्या औषधाचा खरा आधार आहे, ते हायड्रॉक्सियुरिया जुनेच आहे. मूळचे ते कर्करोगावर वापरीत. त्याने अंगात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढते. हे हिमोग्लोबिन निराळ्या घडणीचे असल्याने दोरात सामील होत नाही, आणि झटके कमी होतात. अमेरिकेत सन १९९८ पासून ते सिकलसेलसाठी मान्य आहे. त्याची गोळी महाग नाही. मात्र ती वैद्यकीय देखरेखीखाली व वेळोवेळी रक्त तपासूनच घ्यावी लागते. सन २०२३ अखेर इंग्लंड-अमेरिकेत जनुकांत दुरुस्ती करणारा उपचारही मान्य झाला. पण अमेरिकेत त्याची किंमत एका रुग्णास २२ लाख डॉलर आहे. धडगावच्या पाड्यावरील मुलास त्याचा आज काय उपयोग? दिल्लीतील शास्त्रज्ञ स्वस्त देशी उपचारासाठी खटपट करीत आहेत, त्यांस यश येवो.

तोपर्यंत आपल्या हाती काय आहे? पुष्कळ आहे. हा आजार संसर्गाने होत नाही. रुग्णाबरोबर जेवल्याने, त्याचे कपडे वापरल्याने तो लागत नाही. तो आईबापांकडून येतो. प्रत्येक माणसास हिमोग्लोबिनच्या या माळेची एक प्रत आईकडून व एक बापाकडून मिळते. एकच प्रत सदोष असेल तर तो माणूस वाहक असतो. तो आजारी नसतो. दोन्ही सदोष असतील तरच आजार होतो. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गर्भारपणात मूल आजारी होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक असते.

येथे एक गैरसमज आम्ही वारंवार ऐकला आहे. लोक म्हणतात, "चारांत एक ना? पहिले आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली." हे गणित चूक आहे. नाणे उडविले आणि छाप पडली, म्हणून पुढच्या खेपेस काटा पडलाच पाहिजे असे बंधन नाण्यावर नसते. प्रत्येक खेपेस हिशेब नव्याने सुरू होतो. मात्र एक वाहक आणि दुसरा निर्दोष असेल, तर या आजाराचे मूल होत नाही, हेही तितकेच लक्षात ठेवावे.

दुसरा गैरसमज असा की, हा आजार केवळ आदिवासी बांधवांचा. आपल्या भागात तो त्यांच्यात अधिक आहे हे खरे. त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. सन १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी दाखविले की, वाहकास मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. ज्या रानात हिवतापाने पिढ्यान्‌पिढ्या बळी घेतले, तेथे हा दोष टिकून राहिला. म्हणजे तो कोणाच्या पापाचा किंवा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे. परंतु महाराष्ट्रात इतर अनेक समाजांतही वाहक सापडले आहेत. शिवाय थॅलेसेमिया या दुसऱ्या रक्तदोषाचा वाहक आणि सिकलसेलचा वाहक यांचा विवाह झाला, तरी अपत्यास सिकलसेलसारखाच त्रास होऊ शकतो. तेव्हा "आपल्या समाजात नाही" असे तपासणीवाचून म्हणणे धोक्याचे आहे. आपण पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच समाजात सोयरिकी करीत आलो. एखादा दोष शिरला असेल तर दोन वाहक एकत्र येण्याचा संभव अशा ठिकाणी वाढतो.

आता वधू-वर मेळाव्याचा मुद्दा. आपल्यातील काही उत्साही तरुणांनी सुचविले आहे की, परिचय-सूचीत शिक्षण, उंची, गोत्र यांच्याबरोबर सिकलसेलचाही रकाना छापावा. त्यांचा हेतू चांगला आहे, पण आमचे मत या सूचनेच्या विरुद्ध आहे. छापील सूची घरोघर जाते. एखाद्या मुलीच्या नावापुढे 'वाहक' हा शब्द एकदा छापला गेला की लोक त्याचा अर्थ 'रोगी' असा करतील, तिच्या धाकट्या बहिणींच्या सोयरिकीही अडतील, आणि मुलाच्या बाबतीत मात्र तोच शब्द कोणी मनावर घेणार नाही. वाहक असणे हा दोष नाही, लपविण्याजोगे पापही नाही. पण ती गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याचीही नाही.

त्याऐवजी आमची सूचना अशी आहे. पत्रिका जुळविण्यापूर्वी मुलगा व मुलगी या दोघांचीही, केवळ मुलीची नव्हे, रक्ततपासणी व्हावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. पहिल्या साध्या चाचणीत दोष दिसला तर पुढची खुलासेवार चाचणी करून घ्यावी. थॅलेसेमियाचा वाहक त्या साध्या चाचणीत सापडत नाही, म्हणून शक्य तेथे ती दुसरी चाचणी प्रथमच करावी हे उत्तम. निकालाचा कागद त्या त्या कुटुंबाजवळ राहावा, आणि बोलणी पुढे सरकल्यावर दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी तो एकमेकांस दाखवावा. दोघेही वाहक निघाले तर जाणत्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन मुलामुलीने स्वतः निर्णय करावा. मंडळाचे काम एवढेच की, मेळाव्याच्या दिवशी तपासणीचे शिबिर भरवावे आणि गुप्तता राखावी.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि त्यासाठी सन २०४७ ची मुदत ठेवली. योगायोग असा की, आपला नंदुरबार जिल्हाही सन १९९८ च्या १ जुलैलाच जन्मास आला. जिल्ह्याच्या वाढदिवशी दरवर्षी आपल्या मंडळाने एक शिबिर घ्यावे, आणि ते सर्व समाजांसाठी खुले असावे, असे आम्हांस वाटते. आपल्या शेतावर राबणारा मजूर, त्याची मुले यांनाही त्या दिवशी बोलवावे. ज्यांस आजार निघेल त्यांस हायड्रॉक्सियुरियाची माहिती द्यावी, लहान मुलांच्या लसी पूर्ण कराव्यात, आणि उन्हात काम करताना भरपूर पाणी, थंडीत उबदार वस्त्र, ताप येताच दवाखाना, एवढी तीन पथ्ये तोंडपाठ करून घ्यावीत.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे चार शब्द तुमच्यासाठी. खुंटलेली वाट पुढे नेण्याचे काम अजून शिल्लक आहे. व्हॉक्सेलोटर मागे पडले, पण खाच तेथेच आहे आणि किल्ली अजून घडावयाची आहे. पुण्यास, मुंबईस, इंदुरास या शास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत. आज ज्यांचा गुणगौरव झाला त्यांतील एखाद्याने किंवा एखादीने ही वाट धरली, आणि शहाद्याच्या शाळेतून निघालेल्या हातांनी सातपुड्यातील मुलांचे दुखणे हरले, तर त्याहून मोठा सन्मान मंडळास कोणता?